सीसीआयई लॅब परीक्षा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे नेटवर्कची उपकरणे बनवणाऱ्या सिस्को कंपनीच्या सीसीआयई या, नेटवर्क अभियंत्यांसाठीच्या तज्ज्ञ-पातळीच्या प्रमाणपत्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेविषयी, म्हणजे 'लॅब'विषयी, आणि त्यातही एंटरप्राइज इन्फ्रास्ट्रक्चर या शाखेविषयी आहेत. सिक्युरिटी, सर्व्हिस प्रोव्हायडर, डेटा सेंटर, कोलॅबोरेशन अशा इतर शाखांचा अभ्यासक्रम वेगळा असला, तरी तयारीची पद्धत आणि परीक्षेचा साचा बराचसा सारखाच आहे. परीक्षेत प्रत्यक्ष काय विचारले गेले याविषयी येथे एक अक्षरही सापडणार नाही. परीक्षेला बसताना गोपनीयतेच्या करारावर सही केलेली असते आणि ती पाळायची असते. खालची उदाहरणे सर्वांना माहीत असलेल्या तंत्रातली किंवा माझ्या घरच्या सरावातली आहेत.

सीसीआयई ही परीक्षा एवढी अवघड का मानली जाते?

सिस्कोने हे प्रमाणपत्र १९९३ मध्ये सुरू केले. उत्तीर्ण होणाऱ्या प्रत्येकाला एक क्रमांक मिळतो. पहिला क्रमांक १ किंवा १००१ न ठेवता १०२४ ठेवला गेला, आणि तो कोणा व्यक्तीला न देता खुद्द लॅबलाच देण्यात आला. दोनच्या घातात विचार करणाऱ्या लोकांचा हा आपसातला विनोद म्हणायचा. सिस्कोबाहेरून उत्तीर्ण झालेले पहिले अभियंते टेरी स्लॅटरी यांचा क्रमांक १०२६ आहे. सुरुवातीला ही लॅब दोन दिवस चालत असे. २००१ च्या ऑक्टोबरपासून ती एका दिवसाची, आठ तासांची झाली. आज क्रमांक पाच आकडी आहेत आणि साठ हजारांच्या पुढे गेले आहेत.

परीक्षा अवघड असण्याचे कारण एकेकटा विषय अवघड आहे, हे नव्हे. ओएसपीएफ आणि बीजीपी (पॅकेटचा मार्ग, म्हणजे रूट, ठरवणारे प्रोटोकॉल), मल्टिकास्ट, एमपीएलएस यांपैकी कोणताही एक विषय चांगला अभियंता महिनाभरात नीट शिकू शकतो. मात्र येथे ते सगळे एकाच जाळ्यात (नेटवर्कमध्ये), एकमेकांच्या डोक्यावर बसलेले असतात. एकाला हात लावला की दुसरा हलतो. शिवाय घड्याळ थांबत नाही.

लॅबला बसण्यासाठी कोणती पात्रता लागते? पदवी आवश्यक आहे का?

पदवीची अट नाही, आणि सीसीएनए किंवा सीसीएनपी ही सिस्कोची खालच्या पातळ्यांची प्रमाणपत्रे आधी मिळवलेली असण्याची औपचारिक अटही नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये सिस्कोने आपल्या सर्व परीक्षांची फेररचना केली. तेव्हापासून त्या शाखेची कोअर परीक्षा उत्तीर्ण झाली की लॅबसाठी नोंदणी करता येते. एंटरप्राइज शाखेसाठी ही परीक्षा ३५०-४०१, म्हणजे ज्याला सगळे 'एनकोर' म्हणतात तो दोन तासांचा पेपर. सिस्को पाच ते सात वर्षांच्या अनुभवाची शिफारस करते, सक्ती करत नाही. मात्र ज्याने रात्री दोन वाजता बंद पडलेली लिंक कधी उभी केलेली नाही, त्याने निदान दोन-तीन वर्षे प्रत्यक्ष काम करून मगच या वाटेला जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तशा कामातून जो संशयी स्वभाव तयार होतो, तो पुस्तकातून तयार होत नाही.

आठ तासांत नेमके काय करावे लागते?

परीक्षेचे दोन भाग आहेत. पहिला भाग तीन तासांचा, डिझाइनचा. यात एकाही राउटरला हात लावता येत नाही. एका काल्पनिक कंपनीची कागदपत्रे, ई-मेलचा पत्रव्यवहार आणि जाळ्याचे नकाशे समोर येतात. ते वाचून कोणता आराखडा योग्य, कोणती सूचना पाळली तर कोणती अट मोडेल, अशा प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. या भागात मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही. वर्षानुवर्षे कमांड टाइप करण्यात हुशार झालेल्या मंडळींचे घोडे नेमके इथे पेंड खाते, कारण चाळीस ओळींचा ई-मेल शांतपणे वाचण्याचा सरावच त्यांनी केलेला नसतो.

दुसरा भाग पाच तासांचा असतो. उभारणे, चालवणे आणि सुधारणे अशी तिन्ही कामे यात येतात. संपूर्ण जाळे हाताखाली असते. काही भाग नव्याने उभारायचा असतो, काही ठिकाणी आधीच असलेला बिघाड शोधायचा असतो, तर काही ठिकाणी चालू यंत्रणेत बदल करायचे असतात. २०२० पूर्वीच्या परीक्षेत बिघाड शोधण्याचा भाग वेगळा असे. आता तो याच पाच तासांत मिसळला आहे, त्यामुळे 'हे मी चुकीचे केले की आधीपासूनच चुकीचे होते' हा प्रश्न दिवसभर पाठ सोडत नाही.

उत्तीर्ण होण्यासाठी किती गुण लागतात?

दोन्ही भागांत स्वतंत्रपणे किमान पातळी गाठावी लागते आणि दोन्हींची बेरीजही ठरलेल्या रेषेच्या वर जावी लागते. एका भागात थोडी घसरण झाली तर दुसऱ्या भागातील जादा गुणांनी ती भरून निघू शकते, पण किमान पातळीच्या खाली गेलेला भाग कशानेही सावरत नाही. एका कामाच्या चार अटींपैकी तीन पूर्ण केल्या तर पाऊण गुण मिळतील, या भरवशावर मात्र राहू नये. अशी फोड येथे होत नाही.

अभ्यासक्रम फार मोठा वाटतो. सुरुवात कोठून करावी?

अभ्यासक्रमाचे पाच विभाग आहेत आणि त्यांचे भारमान सिस्कोनेच जाहीर केलेले आहे. मूळ नेटवर्क, म्हणजे स्विचिंग, ईआयजीआरपी, ओएसपीएफ, बीजीपी आणि मल्टिकास्ट यांना ३० टक्के आहेत. एसडी-ॲक्सेस (कार्यालयाच्या आवारातील जाळे) आणि एसडी-वॅन (दूरच्या शाखांना जोडणारे जाळे) या सॉफ्टवेअर-आधारित भागाला २५ टक्के आहेत. एमपीएलएस, डीएमव्हीपीएन वगैरे वाहतुकीच्या तंत्राला १५, सुरक्षा व सेवांना १५ आणि ऑटोमेशनला १५ टक्के आहेत.

हे आकडे पाहून अनेक जण एसडी-वॅनपासून सुरुवात करतात, कारण ते नवे आहे आणि कंपनीतही त्याचीच चर्चा असते. मी असे करू नये असे म्हणेन. एसडी-वॅनच्या टनेलखाली साधा आयपी मार्गच असतो, आणि एसडी-ॲक्सेसच्या खाली एखादा साधा रूटिंग प्रोटोकॉलच चालू असतो. खालचा थर पक्का नसेल तर वरच्या थरातील प्रत्येक बिघाड गूढ वाटू लागतो. पहिले चार महिने केवळ स्विचिंग, ओएसपीएफ, ईआयजीआरपी आणि बीजीपी यांनाच द्यावेत, आणि तेही 'येते आहे' या टप्प्यावर न थांबता 'का चालते ते फळ्यावर सांगता येते' इथपर्यंत न्यावेत. बीजीपीमध्ये आतल्या शेजाऱ्याकडून शिकलेला रूट दुसऱ्या आतल्या शेजाऱ्याला का दिला जात नाही, रूट रिफ्लेक्टर नेमका कोणता नियम शिथिल करतो आणि 'नेक्स्ट हॉप सेल्फ' कुठे विसरले की रूट दिसतो पण वापरला जात नाही, हे न अडखळता सांगता आले की पुढे जावे.

रूट रीडिस्ट्रिब्युशनवर सगळे एवढा भर का देतात?

रीडिस्ट्रिब्युशन म्हणजे एका रूटिंग प्रोटोकॉलचे रूट दुसऱ्यात टाकणे. भर देण्याचे कारण असे, की यात चुकीचे जाळेही पहिली पाच मिनिटे बरोबर दिसते. उदाहरण घेऊ. एका बाजूला ईआयजीआरपी, दुसऱ्या बाजूला ओएसपीएफ, आणि दोन्हींच्या सीमेवर दोन राउटर आहेत. दोन्ही राउटर दोन्ही दिशांनी रूट इकडचे तिकडे करतात. ईआयजीआरपीच्या भागात बाहेरून आलेला एक रूट आहे. अशा रूटचे ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स, म्हणजे त्याच्या स्रोतावर किती भरवसा ठेवायचा याचा आकडा, १७० असते. पहिल्या सीमा-राउटरने तो ओएसपीएफमध्ये टाकला. दुसऱ्या सीमा-राउटरला तोच रूट आता दोन वाटांनी कळतो : ईआयजीआरपीकडून १७० ने आणि ओएसपीएफकडून ११० ने. आकडा कमी तो सरस, म्हणून तो ओएसपीएफची वाट धरतो, म्हणजे शेजारच्या घरी जाण्यासाठी गावाला वळसा घालतो. त्यावर कळस असा की, आपल्याला ओएसपीएफमधून मिळालेला हा रूट तो परत ईआयजीआरपीमध्ये टाकतो. मेट्रिक कसे दिले आहे यावर अवलंबून, पहिला राउटरही आता उलट दिशेला पाहू लागतो आणि पॅकेट दोघांत घिरट्या घालत बसते.

उपाय सर्वांना पाठ असतो : ईआयजीआरपीतून ओएसपीएफमध्ये जाताना रूटला टॅग लावायचा आणि परत येताना तो टॅग असलेला रूट नाकारायचा. परंतु एवढ्याने फक्त घिरट्या थांबतात. दुसऱ्या राउटरचा वळसा तसाच राहतो. तो काढायचा तर त्या राउटरवर ओएसपीएफकडून येणारे तेवढेच टॅगवाले रूट डिस्ट्रिब्यूट-लिस्टने गाळावे लागतात किंवा त्यांचे डिस्टन्स १७० च्या वर न्यावे लागते. सरावात हे जुळवून झाले की दोन्ही सीमा-राउटर एकदा या क्रमाने आणि एकदा त्या क्रमाने रीलोड करून पाहावेत. एका क्रमाने चालणारे आणि दुसऱ्या क्रमाने कोसळणारे काम पूर्ण झाले असे समजू नये.

कमांड पाठ कराव्या लागतात का?

काही प्रमाणात हात वळायलाच हवा, कारण पाच तासांत प्रत्येक ओळ शोधत बसायला सवड नसते. परीक्षेत इंटरनेट नसते, पण सिस्कोची अधिकृत दस्तऐवज-मांडणी पाहता येते. तिचा उपयोग वर्षातून एकदा लागणाऱ्या ओळीसाठी करावा. ओएसपीएफचा एरिया कसा लिहितात हे पाहण्यासाठी तिथे जावे लागत असेल, तर तारीख पुढे ढकललेली बरी. सरावातही शोधयंत्र बंद ठेवून केवळ त्या दस्तऐवजांवर भागवावे, म्हणजे कोणते पान कोठे आहे हे बोटांना ठाऊक होते.

मात्र तयारीचा गाभा कमांडमध्ये नाही. तो 'हे झाले' असे म्हणण्यापूर्वी ते झाल्याचा पुरावा मागण्याच्या सवयीत आहे. दोन राउटरमध्ये ओएसपीएफ लावले, हॅलो पॅकेट दोन्हीकडे पोहोचली, तरी नेबर एका बाजूला एक्सस्टार्ट आणि दुसऱ्या बाजूला एक्सचेंज या अवस्थेत अडकून पडला, असा प्रसंग प्रत्येकाने पाहिलेला असतो. एका इंटरफेसचे एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) १५०० आणि दुसऱ्याचे १४०० असते. हॅलो लहान असते आणि तिच्यात एमटीयूचा उल्लेख नसतो, म्हणून ओळख होते. पण डेटाबेसचे वर्णन करणाऱ्या पॅकेटमध्ये तो आकडा असतो आणि लहान आकड्याचा राउटर मोठा आकडा पाहून ते पॅकेट नाकारतो. येथे दोन उपाय आहेत : आकडे जुळवणे किंवा राउटरला तो आकडा तपासू नको असे सांगणे. कोणता करायचा हे प्रश्नातील अट सांगते. 'इंटरफेसचे एमटीयू बदलू नये' असे लिहिले असेल तर पहिला उपाय करून नेबर फुल झाला, तरी ते काम चुकलेलेच आहे.

माझ्या घरच्या सरावातील एक गोष्ट सांगतो. सर्व काही उभे झाल्यावर शेवटचे काम म्हणून मी एका इंटरफेसवर ॲक्सेस-लिस्ट (कोणती वाहतूक जाऊ द्यायची याची यादी) लावली. लगेच बीजीपीची स्थिती पाहिली, सत्र उभे होते. समाधानाने चहा करायला उठलो. परत आलो तर सत्र पडलेले. यादीत टीसीपी पोर्ट १७९ ला वाट ठेवायला मी विसरलो होतो. बीजीपीचा मूळ होल्ड-टाइम १८० सेकंदांचा असतो, त्यामुळे शेजारी गप्प झाला आहे हे राउटरला पटायला तीन मिनिटे लागली होती. मी पाहिले ते पहिल्या दहा सेकंदांत. तेव्हापासून कोणतीही ॲक्सेस-लिस्ट लावली की मी ताकही फुंकून पितो : संबंधित सत्रे एकदा स्वतः तोडतो आणि ती पुन्हा उभी राहतात का ते पाहतो.

नोकरी सांभाळून तयारीला किती काळ लागतो?

मूळ पाया असलेल्याला साधारण वर्ष ते दीड वर्ष धरून चालावे. रोज दोन तास आणि सुट्टीच्या दिवशी सहा तास, हे वेळापत्रक कागदावर सोपे दिसते. दिवाळी, घरातले लग्न, कंपनीतील रात्रीचे बदल आणि मुलांच्या परीक्षा मिळून त्यातला तिसरा हिस्सा खाऊन टाकतात, हे आधीच गृहीत धरावे. घरच्यांना तारीख सांगून ठेवावी. 'अभ्यास चालू आहे' हे दोन वर्षे ऐकून कोणाचाही धीर सुटतो, पण 'मार्चपर्यंत' म्हटले की घर सांभाळून घेते. शेवटच्या दोन महिन्यांत आठवड्यातून एकदा तरी सलग आठ तासांची बैठक करावी, मध्ये फोन न घेता. बहुतेकांना साडेपाच-सहा तासांनंतर साधे सबनेटचे गणित चुकू लागते, आणि ती थकवा ओळखण्याची जागा प्रत्येकाची वेगळी असते.

सरावासाठी खरे राउटर आणि स्विच विकत घ्यावेत का?

नाही. एके काळी जुने राउटर आणून घरात मांडणी करावी लागे, त्यांचा आवाज आणि वीजबिल दोन्ही सोसावे लागत. आता ईव्ह-एनजी, जीएनएस३ किंवा सिस्कोचे स्वतःचे मॉडेलिंग लॅब्स हे सॉफ्टवेअर पुरेसे आहे. मॉडेलिंग लॅब्सची पाच उपकरणांपर्यंतची एक मोफत आवृत्तीही आहे. ती एकेक प्रोटोकॉल समजून घेण्यासाठी उत्तम आहे, पूर्ण आकाराच्या सरावासाठी अपुरी. पूर्ण सरावाला मेमरी भरपूर लागते : ६४ जीबीची यंत्रणा मूळ विषयांना पुरते, एसडी-वॅनचे नियंत्रक जोडले की ती धापा टाकू लागते. एसडी-ॲक्सेससाठी लागणारे कॅटॅलिस्ट सेंटर हे नियंत्रक सॉफ्टवेअर घरच्या संगणकावर चालवण्याच्या फंदात पडू नये. सिस्कोचे डेव्हनेट सँडबॉक्स किंवा तासाने भाड्याने मिळणाऱ्या लॅब त्यासाठी घ्याव्यात आणि तिथे जाण्यापूर्वी काय करायचे ते कागदावर लिहून न्यावे.

एसडी-वॅनमध्ये उपकरण नियंत्रकाला जोडलेच जात नाही. काय पाहावे?

आधी घड्याळ पाहावे. नियंत्रक आणि उपकरणे एकमेकांना डिजिटल प्रमाणपत्रांवरून ओळखतात आणि प्रत्येक प्रमाणपत्राला 'केव्हापासून केव्हापर्यंत' अशी मुदत असते. उपकरणाचे घड्याळ मागे राहिले असेल तर त्याच्या दृष्टीने नियंत्रकाचे प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेले नसते. त्यानंतर संस्थेचे नाव सर्वत्र अक्षरशः सारखे आहे का, मूळ प्रमाणपत्र बसवले आहे का आणि यूडीपीचे १२३४६ हे पोर्ट वाटेत कोणी अडवत नाही ना, या क्रमाने जावे. पहिल्या तीन गोष्टी तपासायला दोन मिनिटे लागतात, आणि त्या न तपासता पॉलिसीच्या पानांवर भटकण्यात तास जातो.

मला प्रोग्रॅमिंग येत नाही. ऑटोमेशनचा भाग सोडून दिला तर चालेल का?

सोडू नये. १५ टक्के म्हणजे अनेकदा उत्तीर्ण आणि अनुत्तीर्ण यांतील अंतर. येथे सॉफ्टवेअर अभियंता होण्याची अपेक्षा नाही. पायथनमधील याद्या, डिक्शनरी, लूप आणि जेसॉन वाचता येणे, रेस्ट एपीआयला विनंती पाठवून आलेल्या उत्तरातून हवा तो तुकडा काढता येणे, नेटकॉन्फ आणि रेस्टकॉन्फ या उपकरणाचे कॉन्फिग दुरून हाताळणाऱ्या प्रोटोकॉलांतील फरक, आणि राउटरवरच चालणाऱ्या ईईएम स्क्रिप्ट एवढे नीट आले पाहिजे. रोज अर्धा तास, तीन महिने. कॉलेजात प्रोग्रॅमिंगची भीती बसलेल्या लोकांना मी एवढेच सांगतो, की ज्याने रूट-मॅपचे क्रमांक आणि त्यांच्या अटी डोक्यात सांभाळल्या आहेत, त्याला 'इफ' आणि 'एल्स' जड जाण्याचे कारण नाही.

माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले आहे. इंग्रजी प्रश्नपत्रिकेचा त्रास होईल का?

तांत्रिक शब्दांचा त्रास होत नाही, ते आपण मराठीत बोलतानाही इंग्रजीच वापरतो. त्रास होतो तो लहान शब्दांचा. 'फक्त', 'वगळता', 'शक्य असेल तेथे', 'याखेरीज अन्य कोणताही स्टॅटिक रूट न वापरता' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दरचना लांब वाक्याच्या शेपटीला येतात आणि घाईत डोळ्यांतून निसटतात. इंग्रजी माध्यमातल्यांचीही तीच गत होते, हा दिलासा समजावा. आमच्या अभ्यासगटात एक पद्धत ठरली होती : प्रत्येक काम वाचले की हात कीबोर्डवर नेण्यापूर्वी त्यातील अटी मराठीत, चार-चार शब्दांच्या ओळींत उतरवायच्या. 'डिफॉल्ट रूट नको.' 'आर४ ला हात नाही.' 'दोन्ही लिंक वापरात.' काम संपल्यावर त्याच ओळींवर एकेक खूण करायची. परभाषेत वाचून स्वभाषेत लिहिताना अट समजली आहे की नाही याचा निकाल आपोआप लागतो.

बाजारात मिळणारे 'खरे' प्रश्नसंच वापरावेत का?

नाही. तो कराराचा भंग आहे, उघडकीस आल्यास प्रमाणपत्र रद्द होऊ शकते आणि पुढील परीक्षांचे दारही बंद होऊ शकते. शिवाय ज्याने तयार उत्तरे टाइप करून क्रमांक मिळवला, त्याला मुलाखतीत समोरचा अनुभवी माणूस दहाव्या मिनिटाला ओळखतो.

एकूण खर्च किती येतो?

कोअर परीक्षेचे शुल्क ४०० डॉलर आणि लॅबच्या एका प्रयत्नाचे १६०० डॉलर आहे. कर वेगळे. डॉलरच्या भावानुसार लॅबचा एकच प्रयत्न दीड लाख रुपयांच्या आसपास जातो. नोंदणीपूर्वी सिस्कोच्या संकेतस्थळावर चालू आकडा पाहून घ्यावा. सरावाचा संगणक, भाड्याची लॅब आणि प्रवास-मुक्काम धरला तर एका प्रयत्नासाठी अडीच ते तीन लाखांची तजवीज ठेवावी. कंपनी शुल्क भरणार असेल तर त्या बदल्यात किती काळ नोकरी न सोडण्याचा करार आहे तो नीट वाचावा. कर्ज काढून परीक्षा देऊ नये, असे माझे मत आहे. डोक्यावर हप्ता असलेला माणूस सातव्या तासाला जाळ्याचा विचार करत नाही, हप्त्याचा करतो.

लॅबचे पैसे परीक्षेच्या ९० दिवस आधी भरावे लागतात, आणि त्यानंतर रद्द केल्यास ते परत मिळत नाहीत. म्हणून तारखेच्या शंभर दिवस आधी स्वतःची एक कठोर चाचणी घ्यावी आणि त्या निकालावर पैसे भरायचे की तारीख हलवायची हे ठरवावे.

महाराष्ट्रातून परीक्षेला कोठे जावे लागते?

भारतातील कायमची लॅब बंगळूरला, आउटर रिंग रोडवर कडुबिसनहळ्ळी येथील सिस्कोच्या आवारात आहे. जवळच मराठाहळ्ळी हा भाग आहे. नावाने सुखावून जाऊ नये, तिथली सकाळची वाहतूक कोणाचीच नातलग नाही. मुक्काम चालत जाता येईल इतक्या अंतरावर घ्यावा, भले खोली शे-पाचशेने महाग पडो. विमानतळ शहराच्या उत्तरेला देवनहळ्ळीकडे असल्याने तिथून येण्यातच दीड-दोन तास जातात. मुंबई, पुणे किंवा सोलापूरहून उद्यान एक्स्प्रेसने जाणाऱ्यांनी किमान एक पूर्ण दिवस आधी पोहोचावे. आखाती देशांत नोकरी करणारी अनेक मराठी मंडळी दुबईचे केंद्र निवडतात, त्यांना तेच सोयीचे.

ओळखपत्रावरील आणि नोंदणीवरील नाव तंतोतंत जुळले पाहिजे. आपल्याकडे वडिलांचे किंवा पतीचे नाव मध्ये असते, लग्नानंतर आडनाव बदलते, पासपोर्टवर एक आणि सिस्कोच्या खात्यावर दुसरे असते. ही दुरुस्ती दोन महिने आधी करून घ्यावी.

दुसऱ्या भागातील पाच तास कसे वाटावेत?

पहिली वीस मिनिटे काहीही टाइप न करता सर्व कामे वाचावीत. कोणते काम कशावर अवलंबून आहे याचा छोटा नकाशा काढावा, कारण अकराव्या कामातील एक अट दुसऱ्या कामाची पद्धत ठरवते. मग खालच्या थरातून वर यावे. एखाद्या बिघाडावर पंधरा मिनिटे गेली आणि कारण सापडले नाही, तर खूण करून पुढे जावे. येथे जिद्दी स्वभाव नडतो. प्रत्येक तासाला सर्व उपकरणांवरील कॉन्फिग जतन करावे. शेवटचा पाऊण तास केवळ तपासणीसाठी राखावा आणि त्या वेळात नवे काम उघडू नये.

जाळ्यातील एखादे उपकरण खरोखर प्रतिसाद देत नसेल किंवा प्रश्नाची भाषा संदिग्ध वाटत असेल, तर प्रॉक्टरकडे, म्हणजे परीक्षेच्या पर्यवेक्षकाकडे, जावे. संकोच करू नये, मात्र 'हे बरोबर आहे का' असे न विचारता 'या वाक्याचा अर्थ असा घ्यायचा की तसा' असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला उत्तर मिळणार नाही, दुसऱ्याला बहुधा मिळते.

अनुत्तीर्ण झाल्यास पुढे काय?

बहुतेक जण पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण होत नाहीत, मीही झालो नाही. गुणपत्रकात कोणते काम चुकले हे कळत नाही, विभागवार टक्केवारी तेवढी असते. म्हणून केंद्रातून बाहेर पडल्यावर, निकाल येण्याआधी, आपण कोठे अडखळलो आणि किती वेळ गेला हे स्वतःपुरते लिहून काढावे. प्रश्न लिहायचे नाहीत, आपल्या चुका लिहायच्या. परतीच्या गाडीत मी अशी दोन पाने लिहिली. त्यात तंत्राची चूक एकच होती, बाकी सगळ्या 'वाचले पण पाहिले नाही' या प्रकारच्या होत्या. पुढचे तीन महिने मी एकही नवा विषय घेतला नाही, फक्त अटी उतरवून खुणा करण्याचा सराव केला. पुन्हा बसण्यापूर्वी नियमानुसार ठरावीक मुदत थांबावे लागते. तेवढ्यावर न थांबता पुढची रिकामी तारीख मात्र लगेच पाहून ठेवावी, त्या भराभर भरतात.

उत्तीर्ण झाल्यावर प्रमाणपत्र कायमचे असते का?

नाही. त्याची मुदत तीन वर्षांची असते. नूतनीकरणासाठी पुन्हा लॅबच द्यावी लागते असे नाही : मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आणि उपक्रमांतून १२० क्रेडिट जमवता येतात, किंवा ठरावीक परीक्षा देता येतात, किंवा दोन्हींचा मेळ घालता येतो. क्रेडिट शेवटच्या दोन महिन्यांत जमवायला जाणाऱ्यांची धांदल दरवर्षी दिसते, तेव्हा वर्षाला चाळीस असा हिशेब ठेवावा. मुदत टळली तर क्रमांक आपलाच राहतो, पण तो वापरण्याचा हक्क राहत नाही, आणि तो परत मिळवायचा तर कोअर परीक्षेपासून सगळे पुन्हा करावे लागते.